किरकोळ बदलाचा आकडा

पाचोऱ्याची दीपमाला धुळ्यातल्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, ती कंपनी म्हणजे देवपुरातल्या एका दवाखान्याचा वरचा मजला आणि मालक मगनभाऊ. दूध संकलन केंद्रांचे प्रोग्रॅम तिथे बनतात. मगनभाऊंना स्वतः कोड लिहायची भारी हौस, आणि मालकाच्या हौसेला आवर घालायचं खातं कंपनीत नव्हतं.

आवृत्तीचे आकडेही तेच ठरवायचे. दीपमालानं कितीदा समजावलं, "भाऊ, जुनं काही मोडणार असेल तर पहिला आकडा बदलायचा. नवी सोय असेल तर मधला. शेवटचा फक्त बारीक दुरुस्तीला. तेवढा बदलला की केंद्रांवरचे संगणक न विचारता नवी आवृत्ती उतरवून घेतात. विश्वासावर."

"विश्वास तर आपण कमावलाच आहे," मगनभाऊ कृतार्थ होऊन म्हणायचे.

एका रविवारी त्यांचा मराठी बाणा उफाळून आला. केंद्रांवरचा प्रोग्रॅम ज्या पॅकेजमधून माहिती घेतो, त्यातल्या दुधाच्या 'फॅट' या रकान्याचं त्यांनी 'स्निग्धांश' करून टाकलं, आकडा ३.४.१ चा फक्त ३.४.२ केला, खाली 'किरकोळ बदल' लिहिलं आणि जेवायला गेले. केंद्रांवरचा प्रोग्रॅम मात्र 'फॅट'च शोधत राहिला. त्याला एवढं शुद्ध मराठी कोणी शिकवलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी पिंपळनेरचं केंद्र चालवणाऱ्या धुरपदाबाईंचा फोन आला. "पोरी, मशीन बंद शे! बठ्ठा लोके कॅन लिसन उभा शेतस. दूध नासी जाई ना!"

"अक्का, कॅन घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांना थोडा धीर धरायला सांगा. करते सुरू."

दोष सापडायला वेळ लागला नाही. तिनं 'फॅट' परत आणलं आणि ३.४.३ बांधायला घेतली. तर पॅकेज बांधणारं साधनच अडून बसलं. त्याचीही नवी आवृत्ती नुकतीच आपोआप उतरली होती आणि मगनभाऊंचं पॅकेज जिच्या आधारानं बांधलं जायचं, ती जुनी सेटिंग तिच्यातून कायमची काढून टाकली होती. ती जाणार असल्याची सूचना वर्षभरापूर्वीच पडद्यावर पिवळ्या ओळीत झळकू लागली होती. पण गिऱ्हाइकांसमोर पिवळ्या ओळी बऱ्या दिसत नाहीत, म्हणून मगनभाऊंनी सूचनाच बंद करवल्या होत्या. आजार दिसेनासा झाला, म्हणजे बरा झाला.

तिकडे धुरपदाबाई पुन्हा पुन्हा फोन करत होत्या. दीपमालानं साधनाची जुनी आवृत्ती परत बसवली, ती आपोआप बदलणार नाही अशी तजवीज केली आणि ३.४.३ पाठवली. पिंपळनेरचं यंत्र सुरू झालं. तोवर दोन कॅन नासले होते.

आरामात आलेल्या मगनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढा त्रास झाला आणि आकडा ३.४.३? ५.० करू, वजनदार वाटेल!"

"आकडा आपल्या त्रासावरून ठरत नाही, भाऊ. लोकांचं काय मोडणार, त्यावरून ठरतो. स्निग्धांश हवाच असेल तर ४.० मध्ये, आधी केंद्रांना कळवून." तिनं फोन त्यांच्यापुढे सरकवला. "आणि आवृत्ती पाठवायचा पासवर्ड मी बदललाय. पुढची माझ्या हातूनच जाईल. नाहीतर पिंपळनेरचा फोन तुम्ही घ्यायचा."

मगनभाऊंनी पहिला पर्याय निवडला, कारण धुरपदाबाईंचा आवाज त्यांनीही ऐकला होता. आठवडाभर ते फुगून बसले. पुढे व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात 'आवृत्ती-शिस्त : माझा प्रयोग' या विषयावर भाषण ठोकून आले. त्याच दुपारी दीपमालानं बंद केलेल्या सूचना पुन्हा सुरू केल्या आणि पहिली पिवळी ओळ वाचायला घेतली.