जुना फ्रीज खाली नेताना

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. देवालाही नाही — महाकाळाच्या गावात राहून देवाला टाळणं तसं कठीण, पण मी जमवलं. वडिलांच्या श्राद्धाला राम घाटावर गुरुजी म्हणाले होते, मनातलं सगळं पाण्यात सोडा. मी तीळ सोडले. तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलात तरी ओळखणार नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतो आहे.

आधी माझ्या रागाबद्दल. चारचौघांना येतो तसा राग नाही माझा. भरलं ताट भिरकावलं आहे, भिंतीवर मूठ मारून बोट मोडून घेतलं आहे. बाहेर मात्र मी अगदी गरीब गाय. कचेरीत माझा चढलेला आवाज कुणी ऐकला नसेल. सगळं साठवायचं आणि घरी आणायचं — असे पुरुष तुम्हीही पाहिले असतील.

आमचं घर फ्रीगंजमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. तिथे एक जुना फ्रीज होता, नोकरी लागल्यावर मी घेतलेला. एका दाराचा, लोखंडी कपाटासारखा जड. उन्हाळ्यात एकदा त्यातलं दूध नासलं आणि आई पाहुण्यांसमोर म्हणाली, "ह्याच्या वस्तू ह्याच्यासारख्याच. नुसता आवाज." सगळे हसले. मीही हसलो. पाहुणे गेल्यावर मी त्या फ्रीजला मागच्या बाजूने लाथा घातल्या — पाय दुखेपर्यंत. काहीतरी फुस्स झालं आणि तो गार करायचा थांबला. मी घरात सांगितलं, फ्रीज बंद पडला.

आपली भाषा मोठी सोयीची आहे, नाही? पडला आणि पाडला. एका कान्याचा फरक, आणि करणारा गायब.

माझा धाकटा भाऊ मिलिंद नानाखेड्याला राहतो. तो व्यायामशाळेत पोरांना मल्लखांब शिकवायचा. पायांच्या पकडीवर खांबाला उलटा लटकून दोन्ही हात पसरायचा, तेव्हा खालची पोरं श्वास घ्यायची विसरायची. तेच त्याचं पोट आणि तोच त्याचा जीव. आणि आईचा जीव त्याच्यात. राहायची ती माझ्याकडे, तिची औषधं मी आणायचो, दवाखान्याच्या रांगेत मी बसायचो — पण नावडतीचं मीठ अळणी. तो रविवारी येऊन तिला एक कचोरी खायला घालायचा, की आठवडाभर त्या कचोरीचं कौतुक. हे सांगतानाही माझे दात आवळले जातात. कारण म्हणून सांगत नाही. आवळले जातात, एवढंच.

तर फ्रीज गेला हे कळल्यावर मिलिंदने मला न विचारता नवा घेतला. दोन दारांचा. जुना फ्रीज दुकानदार बदल्यात नेणार होता. फोन त्याने आईला केला, मला नाही. आईने साऱ्या इमारतीत बातमी पोचवली — माझ्या मिलिंदने घेतला.

टेम्पो दारात आला. आमचा जिना अरुंद. नवा वर यायचा तर आधी जुना खाली जायला हवा. टेम्पोवाली माणसं म्हणाली, चहा घेतो आणि येतो. मिलिंदला कुठला धीर? "दादा, आपण दोघंच उतरवून टाकू ना. काय लागतं त्याला!" त्याने फ्रीजला दोर आवळला, टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः खालच्या बाजूला गेला. खांदा फ्रीजला लावून, उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरत. भार सगळा त्याच्यावर. मी वरून दोर ताणून धरायचा, एवढंच माझं काम.

वळण पार केलं. आता घराचं दार दिसत नव्हतं, पण आईचा आवाज येत होता — "मिलिंद, सांभाळून रे बाळा!" माझं नाव नाही. मला धाप लागली होती. मिलिंदला ती ऐकू गेली असावी, कारण त्याने हसत खाली टेम्पोवाल्यांना हाक मारली, "अरे भिया, एक आदमी ऊपर भेजो, दादा से नी संभल रिया!"

दादाला पेलत नाही म्हणे! खालून कुणीतरी खो-खो हसलं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना — ती जाताना मला कळली. पुढचं मी इतक्यांदा खोटं सांगितलं आहे की खरं बोलताना जीभ अडखळते. डॉक्टरांना सांगितलं, आईला सांगितलं, मिलिंदच्या बायकोला सांगितलं — हात सुटला. हात सुटला नाही. मी सोडला.

नाही, थांबा. हेही पुरतं खरं नाही. नुसता सोडला असता तर कदाचित मिलिंदने पेललाही असता, तेवढी ताकद त्याच्या अंगात होती. मी दोर सोडला आणि फ्रीजच्या वरच्या कडेला पाय लावून रेटला. होता नव्हता तो जोर लावून.

फ्रीज धडधडत गेला. मिलिंद मागे पडला, त्याचा उजवा गुडघा पायरीच्या कडेवर आला आणि त्या गुडघ्यावर ते सगळं लोखंड. आवाज दोन झाले — एक पत्र्याचा, एक हाडाचा. मग त्याची किंकाळी. माझ्या मनात तेव्हा काय आलं, सांगू? बरं झालं. दया नाही, भीती नाही. बरं झालं, आता हस.

भीती मग आली, आणि ती स्वतःपुरती. खालून माणसं धावत येत होती. दोराचं मोकळं टोक माझ्या पायाशी पडलं होतं. मी ते पायाखाली दाबलं, दोर उजव्या मुठीत आवळला आणि मूठ खसकन वर ओढली. कातडी नुसती लाल झाली. पुन्हा ओढली. मग रक्त आलं. खाली माझा भाऊ "दादा, दादा" म्हणून ओरडत होता, आणि वर मी माझी जखम तयार करत होतो. करून सवरून नामानिराळा म्हणतात तो मी.

त्याला त्याच टेम्पोत घातलं, नव्या फ्रीजच्या खोक्याला लागून. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा काय पाहिलं असेल? माझ्या हाताची पट्टी. "एवढा हात फाटला तरी धरून ठेवलास, दादा?" म्हणाला आणि रडायला लागला. माझा हात ओढून घेऊन त्याने पट्टीवर फुंकर घातली. मी घालू दिली.

नवा फ्रीज मीच लावला. थर्माकोल काढलं, चिकटपट्ट्या सोलल्या, पुढचे पाय फिरवून डुगडुग घालवली, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे काही तास नुसता उभा ठेवला आणि मग बटण दाबलं. आई त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढेना, अपशकुनी मेला म्हणाली. मिलिंदनेच दवाखान्यातून फोन करून तिला काढायला लावलं. शेजारीपाजारी माझी पट्टी बघून हळहळत होते. आई त्यांना म्हणाली, "शेवटपर्यंत धरून होता हो माझा लेक." चारचौघांत तिने मला पहिल्यांदाच नावाजलं. गोड लागलं का? लागलं.

मिलिंदचा गुडघा वाकत नाही. मल्लखांब संपला. आता तो एका औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. सणासुदीला आमच्याकडे येतो, कठडा धरून कसाबसा वर चढतो. उतरताना मात्र त्याला माझाच हात लागतो. बायकोचा चालत नाही, दादा पाहिजे. ताठ पाय पुढे टाकतो, सगळा भार माझ्या हातावर देतो आणि खुशाल गप्पा मारत उतरतो.

मागच्या दिवाळीत आईने चकल्यांचा अख्खा डबा त्याच्या पिशवीत घातला. आमच्यासाठी एकही ठेवली नाही. आम्ही जिना उतरायला लागलो. वळणावर त्याचा भार माझ्या हातावर आला, आणि मी बोटं सैल केली. क्षणभरच. त्याला वाटलं मला नीट धरता येत नाही आहे, म्हणून तो थांबला, आणखी जवळ सरकला आणि दुसरा हातही माझ्या खांद्यावर टाकला. मी त्याला खाली नेलं. रिक्षात बसवलं, पाय उचलून आत ठेवला. "येतो, दादा," म्हणाला आणि गेला.