तालुकदाराचा दंडवत

"पाठ दाखवू नका, पाठ दाखवू नका," असं ओरडत एक माणूस कुंभार-पिंपळगावच्या भर बाजारातून पळत होता, आणि सगळा बाजार जागच्या जागी गर्रकन वळून उभा राहत होता. भाजीवाल्या टोपल्यांसकट वळल्या. न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीसकट वळला. एक अंमलदार तेवढा वळला नाही. तो परगावचा होता, नुकताच घोड्यावरून उतरला होता आणि वाकून पागोट्याचं कापड पाहत होता. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो कापडाचं दुकान ओलांडून पलीकडच्या मिरच्यांच्या ढिगात बसलेला दिसला. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी त्या मिरचीवालीला विचारावं. ती आता हयात नाही, पण तिच्या सुनेला सगळं पाठ आहे.

आणि जिथं अंमलदार उभा होता तिथं एक काळाभोर एडका मान खाली घालून शांतपणे कोथिंबीर खात होता.

ओरडणारा माणूस आमच्या गावचा पिंजारी. सगळं गाव त्याला चाचा म्हणे. कापूस पिंजायचं ते माणसाएवढं धनुष्य, आम्ही त्याला पिंजण म्हणतो, खांद्यावर टाकून तो गावोगाव हिंडायचा. गाद्या, रजया, उशा त्याच्या हातच्या. दिवसभर कापूस उडवून त्याच्या भुवया, मिशा, दाढी इतकी पांढरी असे की दाढी खरोखर पिकली ती कोणत्या साली, हे त्याच्या बायकोलाही कळलं नाही. बोलण्यात त्याचे दोनच शब्द ठरलेले. पटलं तर "बिलकुल बराबर." न पटलं तरी "बिलकुल बराबर," पण मान दुसऱ्या दिशेला वळवून.

एडका त्याला दिला एका धनगरानं. आई मेलेलं, मुठीएवढं कोकरू. चाचानं कापसाचा बोळा बकरीच्या दुधात बुडवून त्याला वाढवलं. कापूस आमच्या जालन्याकडचा, त्याची ताकद तुम्हाला सांगायला नको. वर्षभरात त्या मुठीतून असा एडका निघाला की त्याची शिंगं आधी गल्लीत येत आणि तो मागून सावकाश येई. चाचानं त्याचं नाव ठेवलं तालुकदार. निजामाच्या राज्यात तालुकदार म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचा मालक. पाटलानं चाचाला बजावलं, "अरे, असलं नाव ठेवून मरशील का. आत टाकतील तुला."

"नाव मी कुठं ठेवलं, पाटील," चाचा म्हणाला. "त्याची चाल पाहा. नावानं आपूनच येऊन बसलं."

तालुकदाराचा एकच कायदा होता. तोंडासमोर उभ्या माणसाला तो कधीच हात, म्हणजे शिंग, लावत नसे. पाठ दिसली की संपलं. आमच्या गावची माणसं एकमेकांच्या पाठीमागं बोलत नाहीत असा आसपास लौकिक होता. त्याचं कारण हे. पाठ मोकळी सोडायची कुणाची छातीच नव्हती.

आणि एक दिवस चाचानं जाहीर केलं की तो हजला चालला. जन्मभराची पुंजी त्यासाठीच ठेवली होती. परतूरहून रेल्वे, मनमाड, मुंबई आणि तिथून आगबोट. आमच्या गावातून गोदावरीच्या पलीकडं जाणाराही परदेशी जाऊन आला म्हणून दाराला तोरण लागायचं. आता हा माणूस समुद्रापार निघाला.

"दर्या केवढा असल रे?" त्यानं मला विचारलं. मी जालन्यात राहून शिकलेला, म्हणून मला सगळं ठाऊक असा त्याचा समज होता. "गोदामाईला पूर येतो तेवढा?"

"त्याच्या दुप्पट," मी म्हणालो. मीही समुद्र पाहिलेला नव्हता.

"बिलकुल बराबर," म्हणून त्यानं मान दुसरीकडं वळवली.

तयारी जोरात चालली. बोटीसाठी त्यानं स्वतःची रजई नव्यानं भरली. उशीत मात्र कापूस घातला नाही. जन्मात कधी त्यानं पिंजणीला लोकर लावली नव्हती, ते धनगरांचं काम. पण या उशीसाठी तालुकदाराची लोकर पिंजली. ती उशी गालाला अशी टोचे की तिच्यावर झोपण्यापेक्षा बाभळीवर झोपणं बरं. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "टोचू दे. याद राहील."

आता हजला जाणाऱ्याची एक रीत असते. निघण्याआधी दारोदार जाऊन म्हणायचं, कहा-सुना माफ. बोललो असेन, चुकलो असेन, माफ करा. कुणाच्या मनात अढी ठेवून त्या वाटेला लागायचं नाही. चाचाचं स्वतःचं काय असणार, मुंगीला वाट देणारा माणूस. पण तालुकदाराचं? अख्ख्या गावाच्या पाठी त्याच्या खात्यावर. चाचा एकेका दारात उभा राही आणि म्हणे, "माझं कहा-सुना माफ, अन् ह्याचं बी." लोक माफ करत, पण आधी सगळी कहाणी ऐकवत. कुठं लागलं, किती सुजलं, हळद किती गेली. एकानं तर धोतर सोडायला घेतलं, तेव्हा चाचानंच हात धरला.

माफी मिळाली. खरा घोर पुढं होता. एडका ठेवायचा कुणाकडं?

"माझ्याकडं ठेव," पाटील उदारपणे म्हणाला.

"मेहरबानी, पाटील. पर तुमच्याकडं जावई लई येतात."

पाटील हसला, पण नाही म्हणाला नाही. धनगर खंडोबाचे, त्यांचं तर नावच नको. चाचाचा सख्खा मेहुणा छातीवर हात ठेवून शपथ घ्यायला तयार होता. चाचा म्हणाला, "भाईजान, तुमची जबान पक्की हाय. पर बकरीद मी तिकडं असताना येणार. एवढा मोठा जानवर डोळ्यासमोर, अन् तुमच्या घरी खाणारे तेरा." म्हणजे हवं होतं मटण न शिजणारं घर. मारवाड्यानं हात जोडले, त्याच्या दुकानात गुळाच्या ढेपा. कुलकर्ण्याच्या बायकोला तुळशीची काळजी. उरलं एकच घर. माझ्या आत्याचं.

तिथंच गाडं अडलं होतं.

आत्या महानुभाव पंथाची. तिच्या घरात मुंगीही म्हातारी होऊन मरे. एकदा जाळीचा देव या पंथाच्या तीर्थाहून एक बाबा तिच्याकडं आले. अंगण ताजं सारवलेलं. आत्यानं भक्तिभावानं दंडवत घालायला अंग वाकवलं, आणि नेमका त्याच वेळी तालुकदार फाटकातून आत आला. त्याला पुढून कोण आहे हे दिसायचं काही कारण नव्हतं. आत्या त्या ओल्या सारवणावरून अशी सरसरत गेली की बाबांचे पाय उचलले गेले आणि ते तिच्या पाठीवर बसले. बाबा मोठ्या मनाचे. उठून धूळ झटकत म्हणाले, "बाई, एवढ्या जोराचा दंडवत आजवर कुणी घातला न्हाई." सगळा गाव हसला. आत्या हसली नाही. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं की या पिंजाऱ्याशी मी जन्मात बोलणार नाही. आणि आत्याचा शब्द म्हणजे शिळेवरची रेघ, उलट शिळा एखादे वेळी फुटेल.

चाचा तिच्या दारात आला तेव्हा मी ओसरीवर होतो. दोघांत दोन हातांचं अंतर. तरी आत्या माझ्याकडं पाहून बोलली.

"त्याला ईचार, कशाला आला."

"आक्का, कहा-सुना माफ. हजला निघून राह्यलो."

"त्याला सांग, त्यानं मला काय केलं न्हाई. ज्यानं केलं त्यानं माफी मागावी."

"मुका जानवर हाय, आक्का. कसा मागल?"

"त्याला सांग, जसा गुन्हा तशी माफी. माझ्या अंगणात येऊन दंडवत घालू दे."

मी दोघांकडं पाहिलं. चाचानं अंगणाच्या जमिनीकडं पाहिलं. मग म्हणाला, "बिलकुल बराबर." मान कुठंच वळवली नाही.

त्या दिवसापासून पिंजणीचा आवाज बंद झाला. लोक म्हणू लागले, हज बुडाली. आक्काची अढी मनात घेऊन हा जायचा नाही, आणि एडक्याला सोडूनही जायचा नाही. बोटीचं तिकीट तर हातात. चाचाचा चेहरा पहिल्यांदाच खराखुरा पांढरा दिसला.

निघायच्या दिवशी सकाळी तो तालुकदाराला घेऊन आत्याच्या फाटकात उभा राहिला. मागं सगळं गाव. वाटूरहून गाड्या जोडून माणसं आल्ती म्हणतात. मी वाटूरच्या दोन गाड्या तरी पाहिल्या, आता त्या कडब्याच्या असतील तर माझा इलाज नाही. भिंतींवर माणसं, लिंबावर माणसं. आत्या अंगणात दळत बसली होती, आणि तिची पाठ फाटकाकडं होती. मुद्दाम.

चाचानं दोर सोडला. तोंडातून रोजचं "पाठ दाखवू नका" निघायला हवं होतं, निघालं नाही.

तालुकदारानं पाठ पाहिली. तो मागं सरकला. एडका मागं सरकला म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक त्यांनी डोळे मिटले. पाटलानं भिंतीवरूनच "आत्याबाई, उठा" म्हटलं. जातं थांबलं नाही. तालुकदार निघाला, मान खाली, चार पावलं धावला. आणि थबकला. जमीन हुंगली. पुढं आला, आणखी हुंगली. मग आत्याच्या पाठीशी पुढचे दोन्ही गुडघे टेकले, आणि तोंड जमिनीला लावून पडूनच राहिला.

लिंबावरचा एक माणूस खाली पडला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

आत्यानं मान वळवली. एडक्याला पाहिलं. हात जोडले आणि म्हणाली, "दंडवत प्रणाम." मग उठून पदर सारखा केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चाचाकडं बघून बोलली, "जा. माफ केलं. ह्याला ज्वारी चालते का बाजरीच लागते?"

त्यानंतर गावात जो गलका झाला तो परतूरच्या स्टेशनमास्तरनं ऐकला आणि गाडी आली समजून झेंडी बाहेर काढली. हलगी वाजली. चाचाला हार घातले, उरलेले तालुकदाराला घातले, ते त्यानं खाल्ले. पाटील, न्हावी, मारवाडी, मेहुणा, सगळे वेशीपर्यंत. बैलगाडीत चढताना चाचानं आत्याला वाकून सलाम केला, एडक्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ती टोचरी उशी पोटाशी धरून वेस दिसेनाशी होईपर्यंत मागं पाहत राहिला.

तो परत आला, हाजी होऊन आला. सांगायचा, दर्या गोदामाईच्या दुप्पट न्हाई, अडीचपट. आत्यासाठी खजूर आणला. तालुकदार मात्र पुन्हा त्याच्या घरी राहायला गेला नाही. रोज सकाळी चाचाच आत्याच्या अंगणात येऊन बसे, एडक्याला खाजवी, आणि आत्या त्याला पितळेच्या पेल्यात ताक देई. पुढं एडका गेला. मग चाचाही गेला. अजून माझ्या घरात त्याच्या हातची रजई आहे आणि थंडीत ती अंगावर घेतली की मी निम्मा गाव घेऊन झोपतो.

तो गेल्यावर एकदा मी आत्याला विचारलं, "आत्या, आता तरी खरं सांग. जनावरानं खरंच दंडवत घातला होता?"

ती डाळ निवडत होती. "तिथं मीठ टाकलं होतं. मेंढरं मिठासाठी गुडघे टेकतात."

एवढा ताठा, एवढी वर्षं, आणि हिनंच मीठ टाकलं. "म्हणजे तू आधीच माफ केल्तंस? अन् चाचाला पत्ता बी न्हाई?"

"मीठ त्यानंच आदल्या सांजेला आणून दिलं," आत्या म्हणाली. "माझ्या घरचं मीठ मी मातीत कशाला घालू?"