पाण्याच्या पुढे पळणारे कोळी

मला कोळ्यांची भीती वाटते. जाळ्यातल्याची नव्हे, तो बिचारा आपल्या कोपऱ्यात लटकलेला असतो. मी भिते ती जमिनीवर राहणाऱ्या, जाळं न विणता धावत जाऊन भक्ष्य धरणाऱ्या कोळ्यांना. लग्न होऊन श्रीगोंद्याकडच्या या काळ्या रानात आले आणि गव्हाला पाणी द्यायचं, एकेका वाफ्याचं दारं, म्हणजे पाणी आत सोडायचं बांधातलं तोंड, धरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच वाफ्यात पाणी शिरलं तसे भेगांमधून मातीच्या रंगाचे कोळी भराभर वर आले. पाण्याच्या पुढे पळाले आणि जे पहिलं कोरडं मिळालं त्यावर चढले. ते माझे पाय होते. मी खोरं टाकून किंचाळत बांधावर पळाले.

नवरा पोट धरून हसला. "म्हशीला भीत न्हाई, अन् कोळ्याला भितीया!"

काम काही सुटलं नाही. मग मी कोळ्यांवर पाळत ठेवू लागले. भित्र्या माणसाला दुसरं काय जमतं? अंड्यांची पांढरी गोळी मागे ओढत नेणारी मादी मी ओळखू लागले. दुसरी एखादी पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन पळायची, लांबून केसाळ दिसायची. पायावर इतके चढले, पण एकही चावला नाही. आणि एक गोष्ट कधीच चुकली नाही: कोळी पाण्याच्या पुढे जातात. वाफा भरून गेल्यावर जमिनीवर एकही उरत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी भरलेल्या वाफ्याचं पाणी बांधातल्या उंदराच्या बिळातून बाहेर चाललं होतं. नवऱ्यानं चिखलाचा गोळा घेऊन बिळात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

"चावलं कायतरी. तुझा कोळीच आसंल."

शेजारच्या वाफ्यातून सासरेही तेच म्हणाले. पाणी देताना काहीही चावलं की आमच्याकडे ते कोळ्याच्या नावावर जातं. चुना लावायचा आणि पुढचं दारं फोडायचं.

तो वाफा केव्हाच भरला होता. कोळी सगळे पुढे निघून गेलेले मी डोळ्यांनी पाहिले होते.

"अहो, कोळी न्हाई त्यो. कोळी मघाशीच गेलेत. दवाखान्यात चला."

"लाईट जाईल. एवढे वाफे भिजू दे."

मी जाऊन पाण्याची मोटारच बंद केली. सासऱ्यांसमोर त्याच्यावर अशी कधी ओरडले नव्हते. सासरे कुरकुरत गाडीवर बसले, तो मध्ये, मी मागे. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "झोप येतीया गं." पापण्या मिटत होत्या, डोकं सासऱ्यांच्या पाठीवर कलत होतं. सासऱ्यांची कुरकुर थांबली. मी त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं. इतकी घाबरले होते की रडूही येईना.

डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या, म्हणाले नाग असावा, आणि लगेच औषध सुरू केलं.

तो वाचला. आता बिळात हात घालत नाही. बांध गळायला लागला की आधी मला विचारतो, "कोळी गेलं का गं?" हसत नाही.

दारं अजून मीच धरते. कोळी पायावर चढले की अजूनही अंगावर काटा येतो, पण झटकत नाही. ते उतरून पुढे गेले की मग मला खरी भीती वाटायला लागते.