डायनिंग टेबलावरचा डॅशबोर्ड

नवऱ्यांच्या हौशीचे किस्से माळ्यावरच्या पिशव्यांसारखे असतात. एक ओढायला जावं तर चार डोक्यावर आपटतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बायका भाजी निवडायला जमल्या की हेच चालतं. कुणाचा नवरा मिक्सर उघडून बसलेला, कुणाचा टीव्हीचा अँटेना घेऊन गच्चीवर चढलेला. पण शेवटी सगळ्या माझ्याकडे वळतात. "तुझा तो डॅशबोर्ड सांग गं!" ऐकायला मजा वाटते त्यांना. त्यांच्या घरात नव्हता ना तो!

तर गाडी माझ्या बाबांची. जुनी, निळी, बोटीने आलेली विलायती गाडी. बाबांचं ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप होतं. सुट्टीच्या दिवशी इस्टेटचे रस्ते रिकामे असायचे, तिथे त्यांनी मला ही गाडी शिकवलेली. बाबा गेले तेव्हा आई म्हणाली, "गाडी हिलाच द्या. भावांना हॉर्नशिवाय काही वाजवता येत नाही."

गाडी डोंबिवलीला आली. मी लायसन्स पर्समध्ये टाकून खाली उतरले, तर आमचे हे दार अडवून उभे. "डॅशबोर्ड बघितलास? उन्हाने पार फुटलाय. चार लोक बघतात. आधी तो करून घेऊ, मग तू खुशाल चालव."

लायसन्स ह्यांच्याकडेही होतं. क्लच कुठल्या पायाखाली येतो हे मात्र दर वेळी नव्याने शोधायचे.

मी म्हटलं, "मग द्या की कारागिराकडे."

"कारागीर? अगं, घरी होतं सगळं!"

हे वाक्य ज्या दिवशी ऐकलं, त्या दिवशीच मी माहेरी जायला हवं होतं.

*

ह्यांच्या मदतीला दोन मित्र. घाणेकर बँकेत होते. त्यांना कुठलीही गोष्ट हात न लावता येत असे. सबनीस डोंबिवलीच्याच औद्योगिक वसाहतीत, फेज वनच्या केमिकल फॅक्टरीत. त्यांच्या मते जगातली प्रत्येक अडचण कुठल्यातरी कॅनमधलं काहीतरी ओतून सुटते.

पहिल्या रविवारी तिघं पाने-पकडी घेऊन खाली गेले आणि लगेच वर आले. डॅशबोर्डवर बाबांनी चिकटवलेला छोटा गणपती होता. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलेलं. "खबरदार! उत्तरपूजा केल्याशिवाय देव हलवायचा नाही!"

घाणेकर म्हणाले, "काकू, प्राणप्रतिष्ठा झालीच नाहीये. नुसता गमने चिकटवलाय."

"बँकेत असता ना? मग बँकेचं बघा."

झालं! दही-पोह्यांची वाटी घेऊन तिघं पुन्हा गाडीत. दोघं पुढे, सबनीस मागच्या सीटवरून आरती म्हणतायत. पार्किंगमध्ये ही गर्दी! ह्यांनी अक्षता टाकून गणपती हलवला आणि तो चटकन हातात आला.

डॅशबोर्ड हलवायला तिघांना पुढचे तीन रविवार लागले. सासूबाई म्हणाल्या, "बघा, देवाला समजतं. ह्यांना नाही समजत."

*

सुटा झालेला डॅशबोर्ड माझ्या डायनिंग टेबलावर आला. लांबलचक, मीटरच्या जागी दोन भोकं. आम्ही खाली फतकल मारून जेवायला लागलो. धूळ बसू नये म्हणून ह्यांनी त्याच्यावर पांढरी चादर घातली.

एका दुपारी तळमजल्याच्या करंदीकर काकू विरजण मागायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी आत पाहिलं, हातातलं भांडं खाली ठेवलं, चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडून मला हळूच विचारलं, "कोण गं?"

मी म्हटलं, "अजून कोणी नाही काकू. पण तीन नावं माझ्या डोक्यात आहेत."

*

मग सबनीसांनी फॅक्टरीतून दोन डबे आणले. एकातलं दुसऱ्यात ओतलं की फोम फुगतो म्हणे. तुटलेल्या कोपऱ्यांत तो भरायचा, वाळला की घासायचा, वर रेक्झिन चढवायचं. परदेशात असंच करतात. परदेशातलं घाणेकरांना सगळं माहीत. स्वतः बदलापूरच्या पुढे गेलेले नाहीत.

"प्रमाण किती घ्यायचं?" ह्यांनी विचारलं.

"अंदाजपंचे," सबनीस म्हणाले. केमिकलवाला माणूस!

ओतल्यावर मिनिटभर काहीच झालं नाही. सबनीस म्हणाले, "कमी पडलं वाटतं," आणि आणखी ओतलं. मग ते जे फुगायला लागलं! इडलीचं पीठ मे महिन्यात पातेल्याबाहेर येतं, तसं चहूबाजूंनी बाहेर. भोकांतून वर, टेबलावरून खाली, माझ्या नव्या टेबलक्लॉथवर. हे दोन्ही हातांनी ते आत दाबतायत, घाणेकर लांबून "दाबू नका, दाबू नका!" ओरडतायत, सबनीस खिडकी उघडून स्वतःच बाहेर डोकावतायत.

शेवटी माझ्या ब्रेडच्या सुरीने ह्यांचे हात सोडवले. घड्याळ मात्र मनगटावरून सुटून फोमच्या पोटात गेलं. लग्नातलं घड्याळ, माझ्या माहेरचं! मी इतकी भडकले की दोन दिवस तिघांनाही चहा नाही.

तिसऱ्या दिवशी घाणेकर आले आणि सहज बोलून गेले, "किती वाजले हो?"

आमच्या ह्यांनी वाकून डॅशबोर्डला कान लावला आणि म्हणाले, "वेळ नाही सांगता येणार. पण चालू आहे!"

*

मी अधूनमधून विचारायचे. "गाडी मी एकदा ठाण्याला नेऊन आणू का? आईला बसवून आणते." आईने किती वेळा विचारलेलं, गाडी कशी आहे म्हणून. उत्तर ठरलेलं, "डॅशबोर्ड होऊ दे गं."

फोम घासून झाला. घड्याळही खरवडून काढलं. भेगांमध्ये रंगारी भरतात ती लांबी भरली. लांबी वाळली की शेजारी नवीन भेग! तिघं रोज संध्याकाळी टेबलाभोवती उभे राहून एकच बोलायचे, "भेगा वाढतायत. भेगा काही जात नाहीत."

मग रेक्झिन आणलं. बाबांचा डॅशबोर्ड काळा होता. ह्यांनी आणलं चॉकलेटी, चौकड्यांचं. मी म्हटलं, "दातांच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये असतं तसलं आहे हे. बसल्याबरोबर माझी दाढ ठणकेल." तर हे म्हणतात, "तुला टेस्ट नाही."

सोल्यूशन लावलं, तिघांनी तीन बाजूंनी रेक्झिन ताणलं, माझ्या इस्त्रीने शेकलं, वर वरवंटा ठेवला. सकाळी बघतो तर रेक्झिन गुंडाळी होऊन टेबलाखाली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. एक इंच चिकटेल तर शपथ!

चर्चा सुरू झाली. घाणेकर म्हणाले, ह्युमिडिटी. खाडीची हवा. सबनीस म्हणाले, सोल्यूशन डुप्लिकेट. हे म्हणाले, फेज वनचा गॅस चिकटू देत नाही. सबनीसांना राग आला. म्हणाले, "आमच्या गॅसने आजवर कुणाचं काही सुटलेलं नाही!"

सासूबाई आतून काठी टेकत आल्या. "अरे मेल्यांनो, चिकटवताय कशाला? उगाच त्याला जाच. मी रोज दुपारी लावतेय की!"

"काय लावतेस?"

"कोकमाचं तेल! गावचं आहे, गोळा वितळवून कोमट करून लावते. तुम्हीच ओरडता ना रोज, भेगा जात नाहीत म्हणून?" आणि पातळ जरा वर करून पाऊल पुढे केलं. "माझ्या टाचा बघा! आहे एक तरी भेग?"

तिघंही खाली वाकून टाचा बघत होते. घाणेकर तर चष्मा लावून.

*

एवढं झाल्यावर माणूस कारागिराकडे जाईल ना? नाही. आमच्या ह्यांनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "गाडी विकून टाकतोय. कटकट नुसती. घाणेकरांनी ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचं गिऱ्हाईक आणलंय. रविवारी येतायत बघायला."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. माझ्या बाबांची गाडी. मला विचारलंसुद्धा नाही! मी म्हटलं, "मी एकदाही चालवली नाही अजून."

"चालवणार कशी? डॅशबोर्ड कुठाय?"

आणि रविवारी सकाळी गंमत बघा. गिऱ्हाइकाला इंजिन ऐकवायचं म्हणून ह्यांनी बॅटरी चार्ज करून आणलेली, पेट्रोल भरलेलं, गाडी धुऊन पुसून ठेवलेली. खाली जाऊन माझ्यासमोरच चालू करून बघितली. काय आवाज होता! वागळे इस्टेटमध्ये ऐकलेला तोच आवाज, कुठेही अडखळणं नाही. स्विच वायरींना लोंबकळत होता, बाकी पुढे नुसता पत्रा. हे समाधानाने म्हणाले, "फर्स्ट क्लास!" गाडी बंद केली, वर येऊन किल्ली खिळ्याला अडकवली आणि गिऱ्हाईक यायच्या आत रेक्झिन चिकटवायला टेबलाकडे गेले. घाणेकर आणि सबनीस आधीच दोन टोकं धरून बसले होते.

मी त्या किल्लीकडे बघत राहिले. डोक्यात एकदम सणक गेली. आत्ता माझ्यासमोर चालू झाली की ही गाडी! इतके महिने ही तीन शहाणी माणसं मला सांगतायत, डॅशबोर्ड नाही म्हणून गाडी नाही. आणि मी ऐकतेय! त्यांच्यापेक्षा माझाच राग आला मला.

मी पर्स घेतली, गाडीचे कागद घेतले, किल्ली काढली. सासूबाई टीव्हीसमोर होत्या. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ठाण्याला जातेस? आईला विचारलंय म्हणून सांग." बस. एवढंच.

खाली बसले, लोंबकळता स्विच डाव्या हातात धरून किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू. क्लच माझ्या पायाला बरोबर सापडला. गाडी रिव्हर्स घेतली, वळवली आणि गेटपाशी आणली, तर समोर पांढरे कपडे घातलेले एक गृहस्थ चिठ्ठीवरचा पत्ता वाचत उभे. खिडकीपाशी वाकून म्हणाले, "ताई, इथे एक गाडी विकायची आहे ना?"

मी म्हटलं, "गाडी नाही हो, डॅशबोर्ड! दुसरा मजला, डाव्या हाताचं दार. डायनिंग टेबलावर आहे. त्याच्यावर तीन माणसं फुकट!"