हरकती, सूचना आणि एक भोपळा

लोकांची मतं गोळा करायला बसलं की मतं कमी आणि किस्सेच जास्त गोळा होतात. मतं खोक्यात भरून कार्यालयात जमा करता येतात. किस्से जमा करून घेणारी खिडकी अजून कुणी उघडलेली नाही, त्यामुळे ते आमच्याकडेच राहिलेत. रविवारी चहाला भेटलो की एकेक बाहेर निघतो.

आम्ही म्हणजे तिघं. बँकेतून निवृत्त झालेले दामलेकाका, आयटीतली श्रुती आणि शाळेत भूगोल शिकवणारी मी. पुण्याभोवतीच्या टेकड्या, डोंगरउतार आणि झरे राखण्याचा एक आराखडा निघाला. त्यावर लोकांच्या हरकती-सूचना लिहून घ्यायचं काम आम्ही अंगावर घेतलं. खरं तर ते माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं घेतलं होतं. पहिली सूचनाही त्यानंच स्वतःच्या हातानं लिहून दिली. मग तो गेला. त्याला आता दीड वर्ष झालं. आराखड्याची मुदत मात्र वाढतच होती. टेबलामागची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून एका रविवारी मी जाऊन बसले, ती बसलेच.

०

माझा पहिला रविवार. टेबल एका बागेच्या फाटकाशी मांडलं होतं. टोपी घातलेले एक आजोबा आले, फॉर्म उभ्यानंच वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान, मग खालची बारीक अक्षरातली टीप. दामलेकाकांनी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, बसायचं असतं तर घरी बसलो असतो.

शेवटी खिशातून स्वतःचं पेन काढून त्यांनी सूचनेच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि चालते झाले. आम्ही घाईघाईनं फॉर्म उघडला.

'आपले टेबल फुटपाथवर आहे. जमीन वाचवण्याची सुरुवात तिथून करावी.'

दामलेकाकांनी आधी पोच फाडली, मग टेबल हलवलं.

०

टिकल्यांची कल्पना श्रुतीची. भिंतीवर मोठा नकाशा लावायचा, प्रत्येकाला तीन हिरव्या टिकल्या द्यायच्या आणि सांगायचं, जी जागा राखावीशी वाटते तिथं चिकटवा. "काका, फॉर्म कोणी वाचत नाही. इट हॅज टु बी फन!"

पहिला प्रयोग डोंगरउतारावरच्या एका उंच सोसायटीत केला. सोसायटीच्या नावात टेकडी होती. टेकडी तेवढी आता नावातच उरली होती. सगळ्यांनी मोठ्या हौसेनं समोरच्या टेकडीवर टिकल्या लावल्या. अकराव्या मजल्यावरच्या एक बाई तर फारच कळवळून बोलल्या. तिथं आता एकही इमारत होता कामा नये, आमचा सगळा वारा अडेल म्हणाल्या.

दामलेकाकांनी नम्रपणे विचारलं, आपण राहता तीही टेकडीच होती ना?

"हो ना," बाई म्हणाल्या. "पण आम्ही आलो ना, तेव्हाच थांबवायला हवं होतं."

०

तोच नकाशा आम्ही खडकवासल्याच्या अलीकडच्या एका गावात नेला. गाव शहरात येऊन काही वर्षं झाली, पण देवळातली बैठक अजून गावाचीच. इथं कोण हिरव्या टिकल्या लावणार, या काळजीत आम्ही होतो. हिरवं म्हणजे बांधकाम बंद, आणि बांधकाम बंद म्हणजे भाव नाही.

तर रांग लागली. रांग! लोक टिकल्या मागून घेत होते. एक जण तर घरातल्या माणसांच्याही घेऊन गेला. तासाभरात नकाशा हिरवागार. श्रुतीला काय करू नि काय नको झालं. म्हणाली, काका, हंड्रेड पर्सेंट कॉन्झर्वेशन!

दामलेकाका चष्मा लावून गट नंबर बघत होते. प्रत्येकानं भावकीच्या जमिनीवर टिकल्या लावल्या होत्या. थोरल्यानं धाकट्याच्या, धाकट्यानं थोरल्याच्या, पुतण्यांनी मिळून चुलत्याच्या.

"गुंडाळा," काका हळूच म्हणाले. "एकमेकांचं बघायच्या आत निघू या."

०

त्या दिवशी एकच माणूस टिकली न लावता खांबाला टेकून बसला होता. ते तात्या.

गावाच्या वरचा माळ तात्यांचा. माळाच्या पोटात एक झरा आहे, भर उन्हाळ्यातही वाहतो. सुधीर दर रविवारी पहाटे तिथं चढून जायचा, बाटली भरून आणायचा, आणि उतरताना तात्यांच्या ओट्यावर तासभर बसायचा. आराखड्यात तो माळ पिवळा दाखवला होता, म्हणजे बांधकामाला मोकळा. सुधीरची सूचना एवढीच होती की तो हिरवा करावा.

तात्यांना ती मान्य होती की नाही, कधीच कळलं नाही. कारण तात्या सही करत नाहीत. खूप वर्षांपूर्वी मोजणीला आलेल्या कुणी तरी त्यांची 'नुसती हजेरीची' म्हणून सही घेतली आणि बांधालगतची पट्टी रस्त्यात गेली. तेव्हापासून कुरियरवाल्यालाही सही नाही. नातवाच्या प्रगतिपुस्तकावर सुनेला करावी लागते.

"सही सोडून काय बी मागा," हे त्यांचं वाक्य. आणि खरंच काहीही देतात. आम्ही दर वेळी भोपळा घेऊन परत यायचो.

०

मग सुनावणीचं पत्र आलं, सुधीरच्या नावानं. अर्जदार गैरहजर राहिल्यास सूचना निकाली काढण्यात येईल. मी आणि दामलेकाका पत्र घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, अर्जदारांनी स्वतः यायचं.

"ते जरा अवघड आहे," काका म्हणाले.

"एवढे बिझी आहेत का?"

"छे. आता अगदीच मोकळे आहेत."

मला हसू फुटलं. थांबेचना. काका घाबरले, खिडकीतले गृहस्थ उठून उभे राहिले. सुधीर गेल्यावर मी पहिल्यांदा एवढी हसले ती त्या खिडकीशी. गृहस्थांना प्रकार कळला तेव्हा त्यांनी पाणी मागवलं आणि नियम पाहून सांगितलं की अर्जदार नाहीत तर ज्याची जमीन आहे त्यानं येऊन सही केली तरी चालेल.

आमचं हसणं तिथंच संपलं.

०

तरी गेलो. तात्यांनी चहा दिला, काकडी दिली, पावसावर बोलले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. सुनावणीचा विषय निघाला की म्हैस रेकायची आणि ते उठून जायचे.

श्रुतीनं फोन काढला. तात्या, पेपर नको, सही नको, फक्त एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.

तात्यांनी फोन दोन्ही बाजूंनी पाहून परत दिला. "म्हंजे तोंडानं केलेली सहीच की."

निघताना मी तारीख तेवढी सांगितली. त्यांनी नेहमीसारखा भोपळा दिला. त्या महिन्यात मी भोपळ्याचे सगळे प्रकार करून पाहिले.

०

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं मागच्या रांगेत बसलो. साहेबांनी सुधीरचं नाव पुकारलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग दुसऱ्यांदा पुकारलं. दामलेकाका माझ्याकडे बघत नव्हते. साहेबांनी शेरा लिहायला पेन टेकवलं.

"हजर हाय."

दारात तात्या. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. स्वारगेटला बस बदलून एकटेच आले होते. खुर्च्यांमधून वाट काढत थेट टेबलापाशी गेले.

साहेबांनी विचारलं, "आपण अर्जदार?"

"न्हाई."

"मग अर्जदार कुठे आहेत?"

"माळावर आसतील," तात्या म्हणाले. "सकाळचं तिथंच आसत्यात."

खिडकीतले गृहस्थ कोपऱ्यात बसले होते, त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी चष्मा काढला. "आणि आपण कोण?"

"त्यांनी ज्या माळाचं लिवलंय, तो माज्या नावावर हाय."

तात्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. आधी भोपळा काढून साहेबांच्या फायलींवर ठेवला. मग त्याच्या खालून घडी घातलेला सातबारा काढला, तळहातानं सपाट केला आणि हात पुढे केला.

"पेन द्या. सही कुटं करायची?"