अक्कांचं पिवळं ऑर्किड

माझा नवरा चष्मेवाला आहे. दुकान खाली, घर वर, आणि दुकानातली सवय रोज त्याच्या मागोमाग जिना चढून येते. चहाचा एक घोट घेतला की म्हणणार, "कालचा बरा होता." नवे कपडे घालून मी विचारलं, कशी दिसते, तर म्हणाला, "आधीचे घालून ये, मग सांगतो." दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "आता बरं, की आधी?" विचारायचं, हे त्याचं काम. माणूस वाईट नाही, पण संसारात हे ऐकून डोकं फिरतं.

एकाच गिऱ्हाइकाला त्याने हे कधी विचारलं नव्हतं. त्याची थोरली बहीण, आमच्या अक्का. परगावी राहतात, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. "ज्याचं नाक मी पुसलंय, त्याच्याकडून मी डोळे तपासून घेणार नाही," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. घरात आल्या की टेकायच्या आधी पडद्यांकडे बघत. "पांढऱ्याचे पिवळे झाले. धुतले नाहीत वाटतं." मी आदल्याच दिवशी धुतलेले असायचे. हे मी विसरलेले नाही, आणि इथे मुद्दाम सांगते आहे.

अक्कांचे यजमान, आमचे दाजी, गेले, त्याच्या पुढच्या वर्षी अक्का एक कुंडी घेऊन आल्या. आत सुरकुतलेलं ऑर्किड. अक्का निवृत्त झाल्या तेव्हा दाजींनी ते फुलासकट आणलं होतं, त्यांनी दिलेली शेवटची वस्तू. पुन्हा कधी ते फुललं नाही, आणि नावाची पट्टी केव्हाच हरवली होती.

"मला हल्ली पाणी किती घातलं ते नीट दिसत नाही," अक्का नवऱ्याला म्हणाल्या. "तू जगव. फुललं की बोलाव. पिवळं आहे. जन्मभर सांगितलं ह्यांना की मला पांढरी फुलं आवडतात, तरी जाता जाता पिवळंच आणलं." असं म्हणत त्या कुंडीच्या काठावरून बोट फिरवत होत्या. मला त्या क्षणी फार भीती वाटली. हे रोप आमच्या घरात मेलं तर त्यांना काय तोंड दाखवणार होतो?

नवरा कुंडी छातीशी धरून रोपवाटिकेत गेला. तिथल्या बाईंनी पानं उलटीपालटी करून पाहिली. "संकर आहे. पानांवरून दोनपैकी एक वाटतो. एक पिवळा फुलतो, त्याला कडक ऊन लागतं. दुसरा पांढरा, त्याला सावली आणि वारा. फूल कुठल्या रंगाचं?"

"पिवळं," नवरा छातीठोकपणे म्हणाला.

म्हणून ऑर्किड गच्चीवर गेलं आणि आठवड्याभरात एक पान भाजून काळं पडलं. नवऱ्याचं जेवण सुटलं. मग त्याने त्याला येणारी एकमेव विद्या वापरली. कुंडी घरभर फिरायला लागली. गच्चीच्या दारात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, पडद्यामागे. दर वेळी हा समोर स्टूल टाकून बसायचा आणि रोपाला विचारायचा, "आता बरं, की आधी?" मुळं पांढुरकी झाली की पाणी, हिरवी असली की नाही, हेही त्याने असंच विचारून विचारून काढलं. शेवटी पूर्वेच्या खिडकीत, पडद्याच्या सावलीत नवं पान आलं.

रोपवाटिकेतल्या बाई हे ऐकून म्हणाल्या, "मग हा पांढराच."

"रोपाचं काहीतरी चुकतंय," नवरा म्हणाला. "तुम्ही आमच्या अक्काला ओळखत नाही."

पुढे दांडा आला, कळ्या आल्या, आणि एके सकाळी पहिलं फूल उमललं. पांढरंशुभ्र. नवऱ्याने कुंडी उचलून उजेडात धरली. "मी रंग घालवला. सावलीत ठेवून दाजींचं फूल विटवलं मी." अक्कांना कळवायचंच नाही, असं त्याने ठरवलं. मी सरळ फोन लावला. एवढं जिवापाड सांभाळलेलं फूल लपवून ठेवायला मी काही मूर्ख नाही.

अक्का आल्या. नाक लागेल इतक्या जवळून फूल बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हेच. असंच होतं, पिवळं."

नवऱ्याने फुलावरून नजर काढून स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. मग म्हणाला, "अक्का, माझा शर्ट कुठल्या रंगाचा?"

"पांढरा. पण पिवळा पडलाय. ही नीट धूत नाही."

तो शर्ट मी त्याच सकाळी नीळ घालून वाळवला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्याने अक्कांचा दंड धरला, त्यांना जिन्याने खाली नेलं आणि दुकानातल्या खुर्चीत बसवलं. त्याचा चेहरा बघून त्यांनी नाकाचा विषय काढला नाही.

"मोतीबिंदू," डोळ्यांवरचा उजेड विझवत तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. तुला सगळं जगच पिवळं दिसतंय, गं." गावभराचे मोतीबिंदू ओळखणारा हा माणूस बहिणीच्या शब्दावर रोप उन्हात भाजून बसला होता. मला अक्कांची कीव यायला हवी होती, पण खरं सांगते, आधी पडदे आठवले.

ऑर्किडची फुलं फार दिवस टिकतात, तेवढं नशीब. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर अक्का थेट आमच्याकडे आल्या. खिडकीशी उभ्या राहिल्या.

"पांढरं आहे," त्या म्हणाल्या. बोटाने पाकळी चाचपून म्हणाल्या, "मी ह्यांना म्हटलं होतं, शेवटी पिवळंच आणलंत ना. ते म्हणाले, तुला पिवळं दिसतंय तर पिवळं. भांडलेसुद्धा नाहीत."

नवऱ्याच्या तोंडी अशा वेळी एकच वाक्य येतं. "आता बरं, की आधी?"

"आधी," अक्का म्हणाल्या. "आधी ते होते."

त्यांचा हात डोळ्याकडे गेला. "चोळू नकोस," नवरा ओरडला, "टाके आहेत." अक्कांनी हात खाली घेतला, आणि धाकट्या भावाचं ऐकून डोळे तसेच वाहू दिले.