आखाजीला उघडं घर

फाल्गुनातल्या एका दुपारी धुळे तालुक्यातल्या आमच्या गावाहून शेजारच्या नानांचा फोन आला. आजी जेवून ओट्यावर आडवी झाली होती, ती उठली नाही. सकाळी तिने उभ्यानेच केरसुणीने अंगण सारवलं होतं. आम्ही जळगावहून पोहोचलो तेव्हा सारवणावर केरसुणीचे फराटे अजून तसेच होते.

तिचं नेमकं वय घरात कोणाला ठाऊक नव्हतं. ऐंशी केव्हाच ओलांडली होती. आजोबा गेल्यानंतर शेत तिनेच सांभाळलं. कापूस वेचायला बायका लावल्या तरी पुढची ओळ तिची असे. गावातल्या लग्नांत पुरणाच्या मांड्यांसाठी पहिलं बोलावणं तिला यायचं. कणीक हाताला चिकटायची थांबेपर्यंत आपटायची, पुरण भरून ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत पसरायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. हे काम दिवसभर चाले. तिच्या हातांवर चटक्यांचे डाग होते. त्यांविषयी ती कधी बोलली नाही.

तीन वर्षांपूर्वी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या मिरच्या आणताना ती शिडीवरून घसरली. खुब्याचं ऑपरेशन जळगावात झालं. वडिलांनी गावच्या घराला कुलूप लावलं आणि तिला आमच्या फ्लॅटमध्ये ठेवून घेतलं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. हिवाळाभर ती गॅलरीत बसून राहिली. चैत्र लागला तसं तिने विचारलं, “सुमन आखाजीले कोठे येई? कुलूपले भेटाले?”

सुमन म्हणजे माझी आत्या. तिला स्वतःला नातवंडं आहेत. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, त्याला वयाची अट नाही.

“इथे येईल ना सुमन. आणि तिथे पुन्हा पडलीस तर?” वडील म्हणाले.

“आठे खुर्चीवर बशीबशी बी मरी जासू,” आजी म्हणाली. आठे म्हणजे इथे, फ्लॅटमध्ये.

शेवटी दोन दिवसांच्या बोलीवर सगळे गावी गेलो. तिला खाली बसता येत नव्हतं, म्हणून नानांनी विटा रचून चूल उंच केली. आजी स्टुलावर बसली. कणीक तिनेच आपटली. कोणाला हात लावू दिला नाही. पहिला मांडा हातावरच फाटला... आत्याने नजर वळवली. वडील काहीतरी बोलणार होते, त्याआधी आजीने तो तसाच भाजून त्यांच्या ताटात टाकला. “हाऊ तू खाय. कुलूप लावनारले फाटेल मांडा.” आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसरा मांडा अखंड उतरला. त्यानंतरचेही.

दोन दिवसांनी वडिलांनी गाडी दारात आणली. आजी हरभरा पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, “तू जाय भाऊ. माले आठे गंज काम शे.” एवढं पुष्कळ काम कसलं, म्हणून त्यांनी थोडा वाद घातला, मग गाडीत बसले. त्यानंतरच्या प्रत्येक आखाजीला आत्या तिथे आली.

यंदा तेरावं उरकल्यावर आम्ही निघायच्या तयारीत होतो. वडिलांनी बाजारातून नवीन कुलूप आणलं होतं. आत्याने ते पाहिलं. पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. वडील दारात उभे होते. कचेरीत आणि निवृत्तीनंतर घरातही ते पुस्तकी मराठीच बोलत आले, आजीची अहिराणी नाही. त्यांनी तिला मोठ्याने हाक मारली, “सुमन, आखाजीले येजो. मी आठेच शे.”

आई आणि मी दोघंच जळगावला परतलो. आखाजीला अजून काही आठवडे आहेत. नानांच्या सुनेने वडिलांना कणीक भिजवायला शिकवलं आहे; मांडा अजून एकही धड उतरलेला नाही, असं तीच सांगते. ते स्वतः मात्र त्याविषयी बोलत नाहीत. फोन केला तर बराच वेळ वाजत राहतो. इतका उशीर का, असं विचारलं की म्हणतात, “हात भरेल व्हतात.”